साचा ओतण्याआधी
दुसऱ्या महायुद्धानंतरच्या इटालियन फर्निचरचा इतिहास बहुधा वास्तुरचनाकारांच्या नावांनी सांगितला जातो. त्या रचना प्रत्यक्षात आणण्यासाठी भांडवल, यंत्रे आणि संयम पुरवणारा उद्योजक त्यात मागेच राहतो. ज्युलिओ कास्तेल्ली (1920–2006) यांचे कार्य वाचावे ते याच दृष्टीने. मिलानच्या पॉलिटेक्निकमध्ये रसायन-अभियांत्रिकी शिकताना त्यांना ज्युलिओ नात्ता हे प्राध्यापक लाभले. याच नात्तांनी 1954 मध्ये पॉलिप्रोपिलीन हे प्लास्टिक प्रयोगशाळेत सिद्ध केले आणि 1963 मध्ये त्यांना कार्ल त्सीग्लर यांच्यासह रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. साहजिकच कास्तेल्लींच्या लेखी प्लास्टिक हे लाकडाची स्वस्त नक्कल नव्हते. त्याचे स्वतःचे गुणधर्म होते आणि त्या गुणधर्मांतून निघणारे स्वतःचे आकार होते.

1949 मध्ये त्यांनी कार्टेल ही कंपनी स्थापली. मोटारीच्या टपावर स्की बांधून नेण्याची पट्टी हे तिचे पहिले उत्पादन. पुढे घरगुती वस्तू आल्या आणि तांत्रिक बाजू सांभाळणाऱ्या जिनो कोलोम्बिनी यांच्या प्लास्टिकच्या बादलीला 1955 मध्ये ‘कोम्पास्सो द’ओरो’, म्हणजे सोन्याचा कंपास, हा औद्योगिक रचनेचा पुरस्कार मिळाला. रोज मोरीत वापरायच्या वस्तूची रचनाही दिवाणखान्यातल्या वस्तूइतक्याच गांभीर्याने व्हावी, हा आग्रह या बादलीत दिसतो, आणि कास्तेल्लींची खरी कमाई हीच म्हणावी लागेल.

प्लास्टिकच्या वस्तू घडवण्याचे हे काम किती जोखमीचे होते, ते कळण्यासाठी ‘इंजेक्शन मोल्डिंग’ ही प्रक्रिया समजून घ्यावी लागते. प्लास्टिकचे दाणे तापवून पातळ केले जातात, तो रस मोठ्या दाबाने पोलादी साच्यात भरला जातो आणि निवल्यावर साच्याचे दोन भाग विलग करून वस्तू बाहेर काढली जाते. वस्तूची जाडी एकीकडे जास्त व दुसरीकडे कमी झाली, तर जाड भाग उशिरा निवतो, आकसतो आणि पृष्ठभागावर खळगा पडतो. म्हणून भिंती पातळ ठेवून त्यांना मागील बाजूने बरगड्यांचा आधार देतात. आणि वस्तू साच्यात अडकू नये यासाठी उभ्या बाजूंना किंचित उतार देतात. दाणे स्वस्त, पण साचा अतिशय महाग, आणि एकदा कोरलेल्या पोलादात मोठा बदल करणे जवळजवळ अशक्य. त्यामुळे सगळे मतभेद साचा बनण्यापूर्वीच मिटावे लागतात.

रचनाकार मार्को झानुझो आणि रिचर्ड झापर यांनी कार्टेलसाठी आखलेली 1964 मधील मुलांची खुर्ची या संयमाचा उत्तम नमुना आहे. आधी ती पत्र्याची करण्याचा विचार होता. काही वर्षांच्या प्रयोगांनंतर ती पॉलिएथिलीनमध्ये उतरली. आसन पन्हळी पत्र्यासारखे आहे, कारण त्या लाटाच पातळ भिंतीला बळ देतात. पाय जाड नळकांड्यांसारखे असून ते वेगळे ओतून बसवले जातात. या खुर्च्या एकीवर एक रचता येतात आणि मुले त्यांचे किल्ले बांधतात. रचनाकार जो कोलोम्बो यांनी कार्टेलसाठीच 1960 च्या दशकाच्या मध्यावर आखलेल्या मोठ्यांच्या खुर्चीचेही पाय सुटे आहेत, म्हणून आसन तेच ठेवून उंची बदलता येते. तिच्या पाठीतले भोक अनेकांना केवळ शोभेचे वाटते. वस्तुतः साच्यातून खुर्ची सोडवताना ते उपयोगी पडते, आणि नंतर उचलताना हाताला धरही देते.

कास्तेल्लींच्या पत्नी, वास्तुरचनाकार आन्ना कास्तेल्ली फेर्रिएरी, या कारखान्याच्या तितक्याच आधारस्तंभ होत्या. त्यांनी आखलेल्या, सामान ठेवायच्या गोल कप्प्यांना खिळा लागत नाही, स्क्रूही नाही. एक कप्पा दुसऱ्यावर बसतो आणि सरकते दार बोटाएवढ्या भोकाने उघडते. या कप्प्यांच्या उत्पादनाला पन्नास वर्षे उलटून गेली आहेत.

1973 च्या तेलसंकटाने प्लास्टिक महागले आणि त्याविषयीचा उत्साहही ओसरला. 1988 मध्ये कंपनी जावई क्लाउदिओ लुती यांच्याकडे गेली. त्यांच्या काळात, 1999 मध्ये, रचनाकार फिलिप स्टार्क यांची पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकची खुर्ची आली: पाय, आसन आणि पाठ असे सारे एकाच साच्यात ओतलेले, आणि आरपार पारदर्शक. आसनाखाली बरगड्या दडवण्याची सोय तिच्यात उरली नाही. रस कसा वाहिला आणि कोठे थबकला, हेही आता उजेडात दिसणार होते.