भंगारात घालू नये अशी सायकल

सिन्नरमध्ये कुणाच्या परसात भिंतीला टेकवलेली, गंजलेली काळी सायकल दिसली की तिच्या धन्याला सांगावंसं वाटतं, किलोच्या भावाने देऊ नका हो. माळेगाव-मुसळगावच्या कारखान्यांत पाळीला जाणाऱ्या कितीतरी कामगारांचा संसार अशाच सायकलींनी ओढला. घरात मोटारसायकल आली आणि त्या मागे पडल्या. मोडल्या मात्र नाहीत.

थोड्या पैशांत ही सायकल पुन्हा उभी राहते, कारण तिचे सुटे भाग आजही मिळतात. ॲटलासचा साहिबाबादचा कारखाना जून २०२० मध्ये बंद पडला, तरी ॲटलासवाल्याचं काही अडलं नाही. पुढच्या चाकात ३/१६ इंची छर्रे, मागच्यात पाव इंची, टायर २८ बाय दीडचा. हीरो असो की हर्क्युलिस, मापं बहुधा हीच.

खर्चाआधी सांगाडा तपासावा. मागच्या चाकाच्या एका खाचेला दोरी बांधायची, पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या बाजूच्या खाचेपर्यंत ताणायची आणि सीटच्या नळीपासून दोन्हीकडचं अंतर मोजायचं. दोन-तीन मिलिमीटरचा फरक चालतो. त्याहून जास्त असेल, किंवा सांध्यापाशी चीर दिसली, तर ती सायकल सोडून दुसरी शोधावी.

मग पूर्ण ओव्हरऑइलिंग. कप-कोन उघडून रॉकेलने धुवावेत, छर्रे सगळेच नवे टाकावेत. जुन्यात नवे मिसळले तर भार मोजक्याच छऱ्यांवर येतो. डावं पायडल काढताना पाना उजवीकडे फिरवायचा, त्याचे आटे उलटे असतात. हे ठाऊक नसलेल्यांनी जोर लावून चांगले क्रँक वाया घालवले आहेत.

माझ्या मते खरा बदल फ्रीव्हीलचा. पुढची चकती ४४ दात्यांची आणि मागे १८ असतील, तर पायडलच्या एका फेऱ्यात सायकल साडेपाच मीटरच्या आसपास जाते. सपाटीला ते छान, पण नाशिकहून येताना मोहदरी घाटात वीस किलोची सायकल तशी चढवताना गुडघे बोलू लागतात. मागे २२ दात्यांचं फ्रीव्हील बसवलं की तेवढ्याच फेऱ्यात साडेचार मीटर, वेग थोडा कमी, पण चढ हलका. चेन एक-दोन कड्यांनी वाढवावी लागते, एवढंच. २०१५ मध्ये ‘रेस अक्रॉस अमेरिका’ पुरी करणाऱ्या नाशिकच्या डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांच्या सायकलींना अनेक गिअर होते. आपल्याला एकच निवडायचा आहे, म्हणून तो आपल्या रस्त्याला बघून निवडावा.

दांड्यांचे ब्रेक काढून वायरचे बसवण्याचा मोह होतो. तो टाळावा. या ब्रेकचे रबर रिमच्या आतल्या, चाकाच्या मध्याकडच्या बाजूला घासतात. वायरच्या ब्रेकला रिमची कड सपाट लागते, म्हणजे चाकंच बदलावी लागतील आणि बजेट तिथेच संपेल. त्याऐवजी नवे रबर घालावेत, आरे ताणून रिमचा आउट काढून घ्यावा आणि पावसात हळू चालवावी, कारण ओल्या क्रोमवर रबर नीट धरत नाही.

रंगाची घाई नको. गंज पॉलिश पेपरने घासून रेड ऑक्साइडचा हात मारला तरी वर्ष निघतं. वाचलेल्या पैशांतून बॅटरीचा दिवा आणि मागे मोठा लाल रिफ्लेक्टर घ्यावा. पुणे महामार्गावर रात्री मागून येणाऱ्या ट्रकवाल्याला तुम्ही लांबूनच दिसायला हवेत.