पुढे सरकायचं, मागे घसरायचं नाही

लेकरांनो, परवा धाकटीनं मला मोबाईलवर बर्फातला एक व्हिडिओ दाखवला. नॉर्वेतली माणसं, पायाला लांबलचक स्की बांधलेल्या, दोन्ही हातांत काठ्या, आणि पांढऱ्याशुभ्र रानातून झपाझप चाललेली. उतारावर ती सुसाट सुटत होती, त्याचं तिला फारसं नवल वाटलं नाही. नवल वाटलं ते चढाचं. "आजोबा, बर्फ गुळगुळीत, स्कीही गुळगुळीत. मग चढावर ही माणसं मागे कशी येत नाहीत?"

प्रश्न लाखमोलाचा आहे. आपल्या जालन्यात गारपीट झाली तरच अंगणात बर्फ दिसायचा. पण या प्रश्नाचं उत्तर आपल्याच शिवारात उभं आहे, तेही दरवर्षी. चला, आधी गव्हाच्या वावरात जाऊ.

शिमग्याच्या सुमारास गहू वाळत आला की लांब कुसळांची एक ओंबी दांड्यासकट तोडा. मुठीत आडवी धरा आणि मूठ हळूहळू आवळा, सैल सोडा, पुन्हा आवळा, पुन्हा सोडा. ओंबी आपोआप चालायला लागते! आणि चालते ती नेहमी एकाच बाजूला, दांडा पुढे आणि कुसळं मागे. आम्ही लहानपणी दांडा वर करून ओंबी सदऱ्याच्या बाहीत सोडायचो. हात हलवला की ती वर चढत थेट काखेत पोचायची, आणि खाली ओढली की कापडाला धरून बसायची.

आता एक कुसळ चिमटीत धरून दाण्याकडून टोकाकडे बोट फिरवा. बोट सरळ निघून जातं. मग टोकाकडून दाण्याकडे फिरवा. बोट अडतं, खरखरतं. भिंग लावलंत तर कुसळावर बारीक, ताठ काटे दिसतील, सगळे टोकाकडे झुकलेले. मूठ हलली की ओंबीला दोन्हीकडे ढकललं जातं, पण एका बाजूला वाट मोकळी आणि दुसऱ्या बाजूला काटे आडवे. म्हणून प्रत्येक धक्क्यातलं पुढे जाणं पदरात पडतं आणि मागे येणं होत नाही.

गव्हाला या खोडीचा काय उपयोग, असं तुम्ही विचाराल. शेतातल्या गव्हाला आपण पेरतो. पण गव्हाच्या रानटी भाऊबंदांना कोण पेरणार? ते स्वतःच स्वतःला पेरतात. 2007 मध्ये रिव्हका एल्बाउम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे नीट दाखवून दिलं. रानगव्हाच्या दाण्याला दोन कुसळं असतात. दिवसा हवा कोरडी झाली की ती एकमेकांपासून फाकतात, रात्री दमट हवेत जवळ येतात. रोजचं हे फाकणं-मिटणं चालू राहतं, बारीक काटे मागे सरकू देत नाहीत, आणि दाणा हळूहळू मातीत शिरतो. हाताची मूठ जे काम करते, ते तिथे दिवस आणि रात्र करतात.

आपल्या माळरानावरचं कुसळी गवत तर याच्याही पुढे गेलं आहे. पावसाळा सरून गवत वाळलं की त्याची कुसळं धोतराला, लुगड्याला, मेंढरांच्या लोकरीला चिकटतात. त्याच्या बीचं टोक सुईसारखं अणकुचीदार, टोकामागे उलटे झुकलेले ताठ केस, आणि वर पीळ पडलेलं लांब कुसळ. असं एक कुसळ तळहातावर ठेवून त्यावर पाण्याचा थेंब टाका. पीळ सुटायला लागतो आणि कुसळ डोळ्यांदेखत गरागरा फिरतं. वाळलं की पुन्हा पीळ भरतो. दव पडलं, ऊन आलं, पुन्हा दव पडलं, की बी जमिनीत भोक पाडत आत जाते. पण तिला माती आणि मेंढीचं कातडं यातला फरक कळत नाही. म्हणून धनगर मेंढरं चारून आणल्यावर त्यांचे पाय, कान आणि तोंड बघतात. वेळेवर काढलं नाही तर कुसळ आत आतच जातं, बाहेर यायची वाट त्याला नसतेच.

आता मोसंबीच्या बागेत या. आळ्यातल्या ओलाव्याला बेडूक येतात, उंदीर तर असतातच, आणि त्यांच्यामागे धामण येते. कधी बांधावर तिची कात सापडते. साप कात टाकतो तेव्हा ती मोज्यासारखी उलटी निघते, म्हणून कातीची शेपटी ज्या दिशेला असते, त्या दिशेला साप गेला असं समजावं. कातीवर पाठीचे बारीक खवले दिसतात, आणि पोटाच्या बाजूला एकामागे एक रुंद पट्ट्या. जिवंत सापाच्या अंगावर या पट्ट्यांच्या मोकळ्या कडा शेपटीकडे असतात. पुढे जाताना त्या अलगद सरकतात, मागे रेटलं की जमिनीच्या खडबडीतपणात अडकतात. हात लावलात तर धुवायला विसरू नका, आणि साप दिसला तर लांबूनच बघा.

हीच धामण चुकून घरात आली आणि चकचकीत फरशीवर पडली, की तिची तारांबळ उडते. अंगाचे वळसे जागच्या जागी घसरतात, पुढे जाणं होत नाही. अमेरिकेत डेव्हिड हू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2009 मध्ये यामागचं गणित मांडलं. त्यांनी मिल्क स्नेक जातीच्या सापांना काही वेळ गुंगी देऊन, कापड लावलेल्या फळीवर ठेवलं आणि फळी हळूहळू कलती केली. साप पुढच्या दिशेनं सर्वांत लवकर घसरले, मागच्या दिशेनं त्याहून उशिरा, आणि आडवे ठेवले तेव्हा सर्वांत उशिरा. आडवं घर्षण पुढच्या घर्षणाच्या जवळपास दुप्पट भरलं. गुळगुळीत पृष्ठभागावर मात्र हा फरक उरला नाही, कारण खवल्यांना धरायला तिथे काहीच नव्हतं.

त्यांना आणखी एक गोष्ट दिसली, आणि ती आपल्या कामाची आहे. साप वळसे घेत जाताना सगळं अंग जमिनीवर सारखं टेकवत नाही. जिथे पकड हवी तिथे भार देतो, जिथे अडथळा होईल तो भाग किंचित उचलतो. नुसते खवले असून भागत नाही, भार कुठे आणि कधी द्यायचा हेही कळावं लागतं.

आता धाकटीच्या प्रश्नाकडे जाऊ. आपल्या एमआयडीसीतली सळई तुम्ही पाहिली आहे. तिच्या अंगावरच्या कडा काँक्रीटला घट्ट धरतात. पण ती पकड दोन्हीकडे सारखी. सळई पुढे ओढा की मागे, जागची हलत नाही. स्कीला असं चालणार नाही. तिला पुढे घसरायचं आहे आणि मागे थांबायचं आहे.

जुन्या रीतीत स्कीच्या मधल्या भागाला चिकट मेण लावतात. बर्फ किती थंड आहे, नवा आहे की जुना, त्यानुसार मेण बदलावं लागतं, आणि शून्य अंशाच्या आसपास तर योग्य मेण निवडणं फार अवघड. म्हणून बिनमेणाची स्की आली. तिच्या तळाला मधोमध माशाच्या खवल्यांसारखी नक्षी कोरलेली असते. रोहू माशावर डोक्याकडून शेपटीकडे हात फिरवला तर गुळगुळीत, उलटा फिरवला तर खरखरीत. या नक्षीचंही तसंच आहे. काही स्कींना खवल्यांऐवजी मोहेरची पट्टी असते, म्हणजे अंगोरा बकरीच्या लोकरीची, केस मागे झुकलेले. अल्ताई पर्वतातले शिकारी तर लाकडी स्कीच्या तळाला घोड्याचं केसाळ कातडं ठोकत आले आहेत. ओंबीनं जे कुसळांवर केलं, तेच माणसानं घोड्याच्या केसांकडून करून घेतलं.

पण खवले सतत बर्फाला घासत राहिले तर घसरण मंदावेल. म्हणून स्की मधोमध कमानीसारखी वर उचललेली असते. दोन्ही पायांवर भार वाटला की मधला भाग बर्फावर फारसा दाबला जात नाही, आणि पुढचे-मागचे सपाट भाग घसरतात. घर्षणाच्या उबेनं तिथे बर्फाचा अगदी पातळ थर वितळतो, त्या पाण्यावर स्की निसटते. बाउडेन आणि ह्यूज यांनी 1939 मध्ये हे प्रयोगांनी मांडलं. पाऊल रेटायची वेळ आली की सगळा भार एका पायावर घ्यायचा. कमान सपाट होते, खवले बर्फात रुततात आणि माणूस पुढे जातो. सापानं भार जागच्या जागी बदलावा, तसंच हे.

म्हणून पाय मागे घसरत असेल तर दोष नेहमी खवल्यांचा नसतो. पुष्कळ जण आधी पाय मागे नेतात आणि मग दाबतात, तोवर वेळ टळलेली असते. पाय शरीराच्या खाली असतानाच, पावलाच्या मधोमध, सरळ खाली भार द्यायला हवा. स्की वजनाला साजेशी हवी. फार ताठ असली तर कमान दबत नाही आणि पकड मिळत नाही, फार मऊ असली तर खवले सदा घासत राहतात. बिनमेणाची म्हटली तरी पुढच्या आणि मागच्या भागाला घसरणीचं मेण लावायचंच. खवल्यांवरचा मळ आणि झाडांचा डिंक पुसून काढायचा, आणि ओला ताजा बर्फ चिकटून गोळे होऊ नयेत म्हणून त्यावर खास द्रव फिरवायचा. इतकं करूनही कडक, काचेसारख्या बर्फावर खवल्यांची पकड सुटते. धामण फरशीवर का अडकते, ते आठवलं की याचं कारण विचारावं लागत नाही. मोहेरची पट्टी अशा वेळी बरी पडते.

पकड आणि घसरण एकमेकींच्या वैरिणी आहेत असं आपल्याला वाटतं. एक वाढवली की दुसरी कमी होणार, असाच आपला हिशेब. ओंबी, कुसळी गवत आणि धामण यांनी तो हिशेब केव्हाच मोडला आहे. काटा कोणत्या दिशेला झुकवायचा आणि भार कधी द्यायचा, एवढं साधलं तर एकाच पृष्ठभागावर दोन्ही नांदतात.

आता तुमचं काम. गहू निघाला की दोन ओंब्या घ्या. एकीची कुसळं कात्रीनं छाटा, दुसरी तशीच राहू द्या. मुठीत कोणती किती चालेल, ते आधी वहीत लिहा, मग करून बघा. अंदाज चुकला तर खोडू नका, तो का चुकला ते खाली लिहून मला दाखवा.