सूर आणि साधक, भाग 7 : सव्वा रुपया, नारळ आणि गाणारं व्हायोलिन

1995 साली व्हेनेसा-मे या सोळा वर्षांच्या मुलीचा ‘द व्हायोलिन प्लेअर’ हा अल्बम आला आणि व्हायोलिन पॉपच्या बाजारात शिरलं. जन्म सिंगापूरचा, वाढली लंडनमध्ये, शिकायला सुरुवात पाचव्या वर्षी. हातात विजेवरचं व्हायोलिन, मागे नाचायला लावणारा ठेका. एरवी ऑर्केस्ट्रात खुर्चीवर बसणारं वाद्य रंगमंचाच्या मधोमध उभं राहिलं.

आपल्याकडे हे बरंच आधी घडलं होतं, पण विजेशिवाय आणि पुण्यात, व्हायोलिनवादक प्रभाकर जोगांच्या हातून.

प्रभाकर जोगांचा जन्म 25 डिसेंबर 1932 चा, अहमदनगर जिल्ह्यातल्या हरेगावचा. (पंडित वि. गो. जोग वेगळे, ते शास्त्रीय मैफलींचे व्हायोलिनवादक. ही गल्लत आजही होते.) प्रभाकर जोग लहानपणी शिकले ते आधी गाणं. गुरू होते गजाननबुवा जोशी आणि नारायणराव मारुलकर. गजाननबुवा स्वतः गायकही आणि व्हायोलिनवादकही. त्यांचे वडील अनंतबुवा औंध संस्थानचे दरबारी गायक. सांगवीकरांनी घाई करू नये: मुळा ओलांडली की लागतं ते औंध नव्हे, हे सातारा जिल्ह्यातलं.

बाराव्या वर्षी हा मुलगा पुण्यातल्या वाड्यांमधून व्हायोलिन वाजवू लागला. बिदागी सव्वा रुपया आणि नारळ.

पुढे ते संगीतकार-गायक सुधीर फडक्यांचे सहायक झाले. सहायकाचं काम बाहेरून दिसत नाही. संगीतकाराला चाल सुचली की ती स्वरलिपीत उतरवायची, वादकांकडून बसवून घ्यायची आणि वेळ आली की स्वतः वाद्य घेऊन त्यांच्यात बसायचं. अशा कामाची खरी कसोटी म्हणजे ‘गीतरामायण’. 1 एप्रिल 1955 पासून पुणे आकाशवाणीवर आठवड्याला एक नवं गीत, अशी एकूण 56 गीतं. कवी ग. दि. माडगूळकरांनी लिहायचं, फडक्यांनी चाल लावायची आणि वादकांनी ती हातात बसवायची, तीही ठरलेल्या दिवसाच्या आत. त्यात व्हायोलिन जोगांचं होतं, वय बावीस. नंतर रंगमंचावर झालेल्या गीतरामायणाच्या शेकडो प्रयोगांनाही त्यांनी साथ केली.

साथीदाराचं नाव निवेदकाच्या शेवटच्या वाक्यात येतं आणि ते टाळ्यांत बुडतं. जोगांचं बुडलं नाही, याचं एक कारण त्यांच्या स्वतःच्या चाली. मालती पांडे यांनी गायलेलं ‘लपविलास तू हिरवा चाफा’ त्यांचं. यशवंत देवांच्या शब्दांतलं ‘स्वर आले दुरूनी’ही त्यांचंच आणि ते गायलं सुधीर फडक्यांनी. ज्यांच्या चाली वर्षानुवर्षं उतरवून घेतल्या, त्यांनीच आपल्या सहायकाची चाल गायली! माझ्या मते कुठल्याही पुरस्कारापेक्षा हे मोठं.

दुसरं कारण ‘गाणारं व्हायोलिन’. या नावाच्या त्यांच्या कार्यक्रमांत गायक नसे. सगळ्यांच्या तोंडी असलेली गाणी व्हायोलिन म्हणायचं आणि श्रोते सांगायचे, शब्दसुद्धा ऐकू आले.

हे कसं होतं? सतारीला किंवा गिटारला असतात तसे पडदे व्हायोलिनला नसतात. बोट तारेवरून सरकत एका स्वरातून दुसऱ्यात जातं, म्हणजे गळ्यातली मींड जशीच्या तशी निघते. गज फिरतोय तोवर सूर तुटत नाही, गायकाचा श्वास टिकावा तसा. राहिली अक्षरं. तिथे सगळी कारागिरी गजाची. एका गजात किती अक्षरं घ्यायची, कुठे तो पलटायचा, ‘क’ किंवा ‘ट’ आला की किती झटका द्यायचा आणि ‘म’, ‘ल’वर किती अलगद जायचं, हे वाजवणाऱ्याला गाणं शब्दांसकट पाठ असल्याशिवाय जमत नाही. सूर बरोबर आणि गज भलतीकडे पलटला, तर शब्द मधोमध तुटतो.

अर्थात यात श्रोत्याचाही वाटा आहे. गाणं ओळखीचं असलं की निम्मे शब्द कानच भरून काढतो. अनोळखी गाणं वाजवून पाहा, शब्द ऐकू येत नाहीत. म्हणून ही जादू घरोघरी पोचलेल्या भावगीतांवरच चालायची. रेडिओने गाणी पाठ करून ठेवली होती, तयार कान समोर बसले होते. व्हेनेसा-मेला नवा श्रोता मिळवावा लागला. जोगांना जुनाच श्रोता मिळाला, फक्त गाण्यातून गायक बाजूला काढून.

31 ऑक्टोबर 2021 रोजी पुण्यात जोगांचं निधन झालं.

सांगवी-पिंपळे गुरव भागात कुणाचं मूल व्हायोलिन शिकत असेल, तर एवढं करा. आठवड्याचा धडा वाजवण्याआधी तो त्याच्याकडून एकदा गाऊन घ्या, आवाज कसाही असो. क्लासच्या सरांना आवडलं नाही, तर जोगांचं नाव सांगा.

(पुढच्या आठवड्यात : गोव्याच्या माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस आणि त्यांचे शिष्य प्यारेलाल.)