चिखलांतील सायकल-शर्यत

सायकल हें सपाट रस्त्याचें वाहन, अशी सर्वसाधारण समजूत असते. परंतु बेल्जम, हॉलंड, फ्रान्स इत्यादि देशांत हिवाळा लागला कीं अनेक हौशी मंडळी हीच सायकल घेऊन मुद्दाम चिखलांत उतरतात. या शर्यतीस सायक्लोक्रॉस म्हणतात. गवताळ उतार, वाळू, झाडी यांतून अडीच ते साडेतीन किलोमीटरांची वाट आंखतात आणि तिच्यावर ठराविक वेळपर्यंत फेऱ्या घालावयाच्या असतात. निष्णात पुरुषांची शर्यत सुमारें तासभर चालते; हौशी लोकांची बहुधा त्याहून कमी. वाटेंत सुमारें ४० सेंटिमीटर उंचीच्या फळ्या आडव्या लावलेल्या असतात. तेथें स्वार चालत्या सायकलवरून उतरतो, ती उचलून फळ्या ओलांडतो व पुन्हां उडी मारून बसतो. चढण अवघड झाली तर सायकल खांद्यावर टाकून धांवत सुटतो. कोकणांतील भाताच्या खाचरांतून सायकल हांकणारा गृहस्थ डोळ्यांपुढें आणावा. त्यांत कडाक्याची थंडी तेवढी मिळवावी.

खेळाचें जनकत्व सामान्यतः दानिएल गूसो या फ्रेंच सैनिकाकडे देतात. त्याच्या खटपटीनें १९०२ सालीं फ्रान्समध्यें पहिली राष्ट्रीय शर्यत झाली. पहिली जागतिक शर्यत १९५० सालीं पॅरिस येथें भरली व ती ज्यां रोबिक यानें जिंकली. स्त्रियांना मात्र २००० सालापर्यंत वाट पाहावी लागली. ही गोष्ट खेळाच्या लौकिकास शोभणारी नव्हे.

पाहणारास हा खेळ महाभयंकर वाटतो. स्वार घसरतात, एकमेकांवर कोसळतात, चेहरा ओळखूं येईनासा होतो. परंतु पडण्यांतील शक्ति वेगाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते. ताशीं १५ किलोमीटर वेगानें जाणाऱ्यापेक्षां ४५ किलोमीटर वेगानें जाणाऱ्याच्या अंगीं नऊपट शक्ति असते. चिखलांत वेग आपोआप मंदावतो, जमीन मऊ असते, आणि मुख्य म्हणजे मोटारी नसतात. म्हणून बहुतेक पडणीं खरचटण्यावर निभावतात. धोका असतो तो प्रारंभीं, सर्वजण एकाच वळणाकडे धांव घेतात तेव्हां. किंवा रात्रींच्या गारठ्यानें चिखल दगडासारखा झालेल्या उतारावर. पडतांना माणूस स्वभावतःच हात पुढें करतो. तो आघात हातांतून वर जातो व मनगट किंवा गळ्याखालील हांसळीचें हाड मोडतें. तें दुखणें कांहीं आठवड्यांचें असतें.

डोक्याची गोष्ट निराळी. २००३ सालीं पॅरिस–नीस या रस्त्यावरील शर्यतींत कझाकस्तानचा आंद्रेई किव्हिलेव पडला व डोक्याच्या दुखापतीनें मरण पावला. त्याच्या डोक्यावर हेल्मेट नव्हतें. त्याच वर्षीं आंतरराष्ट्रीय सायकल संघटनेनें हेल्मेट सक्तीचें केलें. तथापि हेल्मेटची शक्ति मर्यादित आहे. युरोपांतील कसोटी म्हणजे सपाट पृष्ठावर सुमारें दीड मीटर उंचीवरून होणारा पात. आंतील फेसाळ थर चिरडला जाऊन आघात सोसतो. एकदां चिरडला कीं तो पूर्ववत् होत नाहीं. म्हणून जोराचा मार बसलेलें हेल्मेट बाहेरून धड दिसलें तरी टाकून द्यावें. कवटीचें रक्षण तें पुष्कळ करतें. कवटीच्या आंत मेंदूस बसणारा हिसका तें पूर्णपणें थांबवूं शकत नाहीं.

हा हिसका शुद्ध न हरपतांही बसतो. डोकें दुखणें, गरगरणें, मळमळणें, विसर पडणें हीं त्याचीं चिन्हें; कधीं तीं कांहीं तासांनीं दिसतात. आणि येथेंच हौशी स्वार फसतो. त्याच्याजवळ संघाचा डॉक्टर नसतो. प्रवेशशुल्क भरलेलें असतें, दोरीपलीकडे मित्र ओरडत असतात. तो उठतो, वांकडें हँडल सरळ करतो व ‘कांहीं झालें नाहीं’ म्हणून निघतो. पण हा निवाडा करणारें इंद्रियच दुखावलेलें असतें! पहिली इजा भरून येण्यापूर्वीं दुसरा मार बसला तर परिणाम फार गंभीर होऊं शकतो.

म्हणून निर्णय त्याच्यावर सोडूं नये. जवळच्या माणसानें विचारावें: कितवी फेरी चालली आहे? आपण आहों कोठें? उत्तर अडखळलें, नुसता संशय आला, तरी त्या दिवसापुरती सायकल काढून घ्यावी. उत्तर बरोबर आलें म्हणजे इजा नाहींच, असेंही समजूं नये. त्यास एकटें सोडूं नये, मोटार चालवूं देऊं नये. डोकेदुखी वाढत गेली, वारंवार वांती झाली, बोबडी वळली किंवा झोपेंतून नीट जाग येईना, तर सकाळची वाट न पाहतां इस्पितळांत न्यावें.