उजनीचा काळा गाळ आणि समुद्राचा तळ

माढा तालुक्यातल्या उजनी धरणाचं पाणी उन्हाळ्यात हटलं की काठालगतच्या गाळात काठी खुपसून बघा. बुडबुडे येतात, काठीला काळाभोर चिखल लागतो. पाण्यात माजलेलं शेवाळ मरून तळाला बसतं, ते कुजवताना जिवाणू प्राणवायू संपवतात, मग मिथेन तयार करणारे सूक्ष्मजीव कामाला लागतात.

अरबी समुद्राच्या तळाशीही असंच, पण खाऱ्या पाण्यात सल्फेट भरपूर. म्हणून आधी सल्फेटवर जगणाऱ्यांची चलती, मिथेनवाले त्यांच्या खालच्या थरात. वरच्या पाण्यात जितकं शेवाळ पिकतं, तितकी तळाची वस्ती दाट! दक्षिण प्रशांत महासागराच्या मधोमध पाणी इतकं नापीक की गाळात प्राणवायू थेट खालच्या खडकापर्यंत टिकतो. २०१० च्या एका मोहिमेत शास्त्रज्ञांनी तो गाळ उपसला. सूक्ष्मजीव होते, पण अगदी विरळ.