जुलाबात साखर कशासाठी?

बाळाला जुलाब लागले की साखर-मिठाचे पाणी पाजा, असे डॉक्टर सांगतात. यातली साखर चवीसाठी किंवा ताकदीसाठी असते, असा पुष्कळांचा समज आहे. प्रत्यक्षात तिचे काम फार वेगळे आहे.

आपण भात खाल्ला, भाकरी खाल्ली किंवा गूळ खाल्ला, तरी तो जसाच्या तसा रक्तात जात नाही. पाचकरस त्याचे ग्लुकोजसारख्या साध्या शर्करांमध्ये रूपांतर करतात. मोठ्या माणसाचे लहान आतडे सुमारे ६ मीटर लांब असते. त्याच्या आतील अस्तरावर मखमलीच्या लवीसारखे असंख्य सूक्ष्म उंचवटे असतात. त्यांवरील पेशी शर्करा शोषून घेतात. तेथून ती रक्तात उतरते आणि प्रथम यकृताकडे जाते.

मात्र ग्लुकोज या पेशींत एकटे शिरत नाही. पेशीच्या दारावरील वाहक प्रथिन ग्लुकोजच्या एका कणाबरोबर सोडियमचे, म्हणजे मिठातील घटकाचे, दोन कण आत घेते. त्यांच्यामागे पाणीही ओढले जाते. साखर व सोडियम यांची ही जोडी रॉबर्ट क्रेन या शास्त्रज्ञाने १९६० मध्ये प्रथम मांडली.

कॉलऱ्यात आतड्यातून पाणी वाहून जात असते. नुसते मीठ-पाणी दिले तर ते नीट शोषले जात नाही. ग्लुकोजचे दार मात्र तेव्हाही उघडे असते! १९७१ मध्ये पश्चिम बंगालमधील बनगाव येथे बांगलादेशी निर्वासितांमध्ये कॉलरा पसरला आणि सलाइन अपुरे पडू लागले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी ग्लुकोज, मीठ व सोडा यांचे पाणी रुग्णांना तोंडाने पाजले. मृत्यूचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांवरून ४ टक्क्यांच्याही खाली आले. आज मिळणारी 'ओआरएस'ची पुडी, म्हणजेच जलसंजीवनी, याच तत्त्वावर बनते.

पुडी मिळेपर्यंत घरी काय करावे? १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ विरघळवावे. प्रमाण मोजूनच घ्यावे. साखर जास्त झाली तर ती आतड्यातच राहून पाणी ओढते व जुलाब वाढतात. म्हणूनच बाटलीतली गोड शीतपेये देऊ नयेत. पुडी वापरताना तिच्यावर लिहिले असेल तेवढेच पाणी घ्यावे.

बाळाला उलटी झाली तर १० मिनिटे थांबून पुन्हा चमच्याचमच्याने पाजावे. अंगावरचे दूध चालूच ठेवावे. डोळे खोल गेले, लघवी बंद झाली, बाळ गुंगीत गेले किंवा शौचातून रक्त पडले, तर तत्काळ दवाखाना गाठावा.

'पाणी दिले की जुलाब वाढतील' या समजुतीने अजूनही काही घरांत बाळाचे पाणी तोडले जाते. मातांनो, तसे कदापि करू नका. जुलाबात बहुतेक बालके दगावतात ती अंगातले पाणी आटल्यामुळेच.