ग्रंथपाल जातो, ग्रंथालय राहतें

ग्रंथपालाची खरी थोरवी तो पद सोडून गेल्यावर कळते, असें आम्हांस वाटतें. मद्रासच्या प्रेसिडेन्सी कॉलेजांत गणित शिकविणारे शियाळी रामामृत रंगनाथन् १९२४ सालीं मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले व या विद्येच्या अभ्यासासाठीं लंडनला गेले. परत आल्यावर त्यांनीं पुस्तकांचीं कपाटें वाचकांस खुलीं केलीं. १९३१ सालीं त्यांनीं ग्रंथालयशास्त्राचीं पांच सूत्रें प्रसिद्ध केलीं. पुस्तक जपण्यासाठीं नसून उपयोगासाठीं आहे, हें त्यांतील पहिलें. १९३३ सालीं त्यांची ‘कोलन’ वर्गीकरणपद्धति निघाली. ‘भाताचे रोग’ या विषयांत पीक हें एक अंग व रोग हें दुसरें. अशा अंगांच्या खुणा दोन टिंबांच्या चिन्हानें जोडून ग्रंथाचा क्रमांक ठरत असे.

सुमारें वीस वर्षांच्या सेवेनंतर त्यांनीं मद्रास सोडलें व १९४५ सालीं ते काशीच्या हिंदु विश्वविद्यालयांत गेले. परंतु त्यांचे नियम छापलेले होते आणि १९२९ पासून शिक्षणवर्गांतून माणसेंही तयार होत होतीं. ज्ञान एकाच्याच डोक्यांत असेल, तर तो जातांच कपाटें मुकीं होतात. विद्यार्थ्यांनो, तुमच्या वर्गाचीं पुस्तकें तुमच्याकडे असतील, तर त्यांची यादी नीट लिहून ठेवा. पुढच्या वर्षीं ती दुसऱ्यास वाचतां आली पाहिजे.